आबासाहेबांच्या केशरी नोटा

मी पुस्तकांची पानं लावते. कुणी विचारलं की एवढंच सांगते, कारण पुढचं कुणाला ऐकायचं नसतं. लेखकाला वाटतं त्याने लिहिलं म्हणजे पुस्तक झालं, छापखान्याला वाटतं त्याने छापलं म्हणजे झालं. मधे बसून कॉम्प्युटरवर ओळ न् ओळ जुळवणारी बाई कुणाच्या गावीही नसते. असो. तक्रारी सांगत बसले तर गोष्ट राहून जाईल.

जगदाळ्यांचं कुलवृत्त माझ्याकडे आलं ते गेल्या उन्हाळ्यात. हे लोक पूर्वी इथल्या संस्थानच्या फौजेत होते. आता कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी कारखान्यात आहे. पण घराण्याचं पुस्तक काढायचं म्हटलं की सगळ्यांच्या कमरेला पुन्हा तलवार लागते. कोण कुणाचा मुलगा, कोण कुठे लढला, हे सगळं एका जाड पुस्तकात घालायचं आणि दसऱ्याला शस्त्रपूजेच्या वेळी प्रकाशन करायचं, असं ठरलं होतं. संपादक होते उदयसिंहराव, घराण्यातले सगळ्यात वडील, वय ब्याऐंशी. सगळे त्यांना आबासाहेब म्हणतात. धावपळ करायला त्यांचा चुलत पुतण्या विक्रमसिंह, तो तेवढा त्यांना काकासाहेब म्हणतो. त्याचं गोरव्याला व्हॉल्व्ह बनवायचं युनिट आहे आणि स्वभावही त्या मालासारखाच, एक तर पूर्ण उघडा, नाही तर पूर्ण बंद.

मी स्वतः प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. वडील वर्कशॉपमध्ये फिटर. आमचं कुलवृत्त काढायचं म्हटलं तर एका पोस्टकार्डावर मावेल आणि वर पत्ता लिहायला जागा उरेल. त्यामुळे या लोकांचं मला जरा कौतुकही होतं आणि जरा हसूही येत होतं.

मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की कागदावर लाल पेनने केलेल्या दुरुस्त्या मी घेणार नाही. कुणाचं अक्षर लागत नाही, कुणाच्या प्रुफावर डाळीचा डाग, आणि शेवटी चूक कुणाची तर माझी. पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये नोटांची सोय असते. मजकुरात जिथे खटकलं तिथे कर्सर ठेवायचा, नोट उघडायची आणि काय हवं ते लिहायचं. मजकुरात एक बारीकशी खूण दिसते, ती मी उघडते, वाचते, दुरुस्ती करते. छपाईत यातलं काही येत नाही. प्रत्येकाचा रंग वेगळा आणि वर नाव, म्हणजे कोण काय बोललं ते नंतर नाकारता येत नाही. हे शेवटचं मी मुद्दाम सांगितलं.

ते सगळं लॅपटॉपवर चढवून द्यायला मी हरणीला त्यांच्या घरी गेले. विमानतळ जवळच, त्यामुळे डोक्यावरून विमान गेलं की त्या घरात सगळे बोलता बोलता थांबतात आणि ते गेलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू करतात. आबासाहेब सोफ्यावर बसले होते आणि लॅपटॉपपुढे त्यांची थोरली मुलगी मृदुला. पन्नाशीची असेल. इंदूरला दिली होती, तिथलं मोडलं, आणि दहा-अकरा वर्षांपासून ती इथेच आहे. वडिलांची औषधं, लाइटबिलं, सोसायटीच्या मीटिंगा, दुपारी मुलांच्या गणिताच्या ट्यूशन्स, सगळं तिच्याकडे. मी समजावत होते ते तिला एकदाच सांगावं लागलं. आबासाहेब मधून मधून समजलं समजलं म्हणत होते आणि पेपर वाचत होते.

सॉफ्टवेअरने नाव विचारलं. मृदुलाताईंनी वडिलांकडे पाहिलं. माझं घाला, दुसरं कुणाचं असणार, असं ते म्हणाले. रंग कुठला, तर केशरी, फेट्याचा. विक्रमसिंहाने फोनवरच हिरवा सांगितला होता. मी म्हटलं, मृदुलाताई, तुमचा कुठला? तर उत्तर सोफ्यावरून आलं, की तिला कशाला, ती काय संपादक आहे? मृदुलाताई नुसत्या हसल्या आणि चहा टाकायला उठल्या.

दुसऱ्या आठवड्यापासून केशरी नोटांचा पाऊस सुरू झाला, आणि काय सांगू तुम्हाला, माझी करमणूक झाली. एका पणजोबांचा स्वभाव तापट होता असं लिहिलेलं, नोट आली, "तापट काढावे, करारी घालावे." घोडा मेला असं होतं, नोट आली, "घोडा कामी आला असे करावे." एका लढाईच्या पानावर नोट होती, "या वर्णनावरून शत्रू पळाला की आपण, हे नीट कळत नाही. शत्रू पळाला असे करावे." आणि तिच्याखाली, त्याच नोटेत, कंसात: "(जुन्या कागदात आपण पळालो असे आहे. तरी करावे.)"

हा कंस कुणाचा ते मला लगेच कळलं. आबासाहेब सोफ्यावरून सांगायचे, मृदुलाताई त्यांच्या नावाने लिहायच्या, आणि शेवटी राहवलं नाही की खरं काय ते कंसात घालायच्या. वडील काही लिहिलेलं वाचायला येणार नव्हते. आम्ही दोघी यावर कधी बोललो नाही, पण मी नवीन नोट उघडली की आधी कंस शोधायची. विक्रमसिंहाचे आजोबा सुभानराव यांच्या पानावर तर कहर होता. "सुभानराव पागेवर कारकून होते हे वाचायला बरे दिसत नाही. पागेचे अधिकारी करावे. (कारकूनच होते.)" मी केलं. विक्रमसिंह पुढचं प्रूफ बघून इतका खूश झाला, की त्याने माझ्याकडे लिलो चेवडो, म्हणजे इथला गुजराती बटाट्याचा ओला चिवडा, पाठवला.

गणपतीत त्यांच्या मंडळाच्या हॉलमध्ये आबासाहेबांनी माइक हातात घेतला आणि जाहीर केलं, की या वयात मी कॉम्प्युटर शिकलो, पुस्तकाच्या सगळ्या नोटा स्वतःच्या हाताने घालतो. टाळ्या काय, सेल्फी काय! एका बाईंनी आपल्या मुलाला तिथल्या तिथे सुनावलं, बघ, आबासाहेबांकडून काही शीक. मी मागच्या खुर्चीवर प्रसादाचा मोदक खात होते. मृदुलाताई ताटं मोजत होत्या. आमची नजरानजर झाली आणि मला ठसका लागला.

इथवर सगळं मजेतच चाललं होतं. पण अशा पुस्तकांचा एक रिवाज असतो. मुलगा असेल तर त्याचं शिक्षण, नोकरी, पराक्रम, बायकोमुलं, सगळं येतं. मुलगी असेल तर एकच ओळ: चिमणाबाई, दिली देवास. संपलं. पुढची चिमणाबाई बघायची असेल तर देवासच्या पुस्तकात बघा. त्याप्रमाणे आबासाहेबांच्या पानावर होतं: मृदुला, दिली इंदूर.

या ओळीवर एक दिवस हिरवी नोट आली. विक्रमसिंहाच्या मुलीला कोल्हापूरकडचं स्थळ आलं होतं, ती मंडळी पुस्तक वाचणार हे नक्की. त्याने लिहिलं होतं, "ही ओळ आता लागू नाही. विचारपूस होईल. काढून टाकावी, म्हणजे प्रश्न मिटला." आणि तिच्याखाली दोन दिवसांनी केशरी: "विक्रम म्हणतो तसे करावे."

खाली कंस नव्हता. मी पुन्हा पाहिलं, नव्हताच. म्हणजे त्या माणसाने सोफ्यावर बसून स्वतःच्या मुलीला सांगितलं, की तुझं नाव काढ, आणि तिने ते मुकाट्याने टाइप केलं. माझं डोकं असं फिरलं! मी ती ओळ काढली नाही. दुसऱ्याच कुठल्या तरी फोटोचं निमित्त करून त्यांना फोन लावला आणि विचारलं. त्या म्हणाल्या, आबांनी सांगितलं, मी लिहिलं.

"कांचनबेन, मला त्या पानावर राहायचंय," त्या म्हणाल्या. "इंदूरच्या पुस्तकात मी नसणारच. इथेही नसले, तर मग मी आहे कुठे?"

मी म्हटलं, मग लिहा ना तसं, कीबोर्ड तर तुमच्याच हातात आहे. स्वतःच्या नावाची नोट घाला. त्यावर त्या हसल्या. माझ्या नावाची नोट कोण पाळणार, असं म्हणाल्या आणि फोन ठेवला. आणि खरं होतं ते. त्या पुस्तकात शत्रूला पळवण्याची ताकद फक्त केशरी रंगात होती.

चार-पाच दिवसांनी त्याच ओळीवर नवीन केशरी नोट दिसली. "मृदुलाची ओळ काढू नये. अशी करावी: मृदुला, उदयसिंहरावांची थोरली मुलगी. इंदूरला दिली होती. परत आली. वडिलांजवळ असते." कंस याही नोटेत नव्हता, कारण कंसात घालण्यासारखं काही बाहेर उरलंच नव्हतं. नोट कुणाची ते मला कळलं नाही असं नाही. पण मी पानं लावणारी बाई. वर नाव उदयसिंहराव, रंग केशरी, आदेश स्पष्ट. मी दुरुस्ती केली आणि शेवटचं प्रूफ सगळ्यांना पाठवून दिलं.

तासाभरात विक्रमसिंह फोनवर उघडला. काकासाहेब असलं लिहिणं शक्य नाही, हा काय प्रकार आहे, रविवारी सगळे हरणीला बसू, तुम्ही पण या, आ तो नहीं ज चाले, हे चालायचंच नाही. मी हो म्हटलं. फूस मी दिली होती, आणि ओढवणार होतं त्या बाईवर.

रविवारी मी पोचले तेव्हा आबासाहेब सोफ्यावर होते, समोर विक्रमसिंह प्रुफाची प्रिंट घेऊन. मृदुलाताई लॅपटॉपपुढे, शेवटच्या दुरुस्त्या करायच्या म्हणून. चहा झाला, पाणी झालं, आणि विक्रमसिंहाने पान उघडून थेट विचारलं, काकासाहेब, ही नोट तुम्ही लिहिलीत का? आबासाहेबांनी मुलीला ती नोट वाचून दाखवायला सांगितली. तिने वाचली. परत आली, या शब्दांवर वरून विमान आलं. आम्ही सगळे थांबलो. ते गेल्यावर तिने उरलेले दोन शब्द, वडिलांजवळ असते, हळू आवाजात वाचून टाकले.

"ही मी लिहिलेली नाही," आबासाहेब म्हणाले.

विक्रमसिंहाने बघा म्हणून माझ्याकडे पाहिलं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण आबासाहेबांचं बोलणं संपलं नव्हतं. बाकीच्या नोटा तरी मी कुठे लिहिल्यात, ते म्हणाले. मला ते यंत्र सुरू कसं करायचं तेही ठाऊक नाही. मी बसल्या जागी बोलतो आणि ही लिहिते. गणपतीत माइकवर बोललो ती थाप होती, काय करायचं ते करा.

ब्याऐंशी वर्षांचा माणूस, फेटा बांधून मिरवणारा, पुतण्यासमोर आणि एका परक्या बाईसमोर हे बोलला. मला त्याची कमाल वाटली. विक्रमसिंहाला मात्र त्यात वेगळंच दिसलं. तो म्हणाला, मग तर सगळ्याच केशरी नोटा संशयास्पद झाल्या, एकही धरायची नाही, कोणी काय घुसवलंय कुणास ठाऊक.

आता मला राहवेना. मी म्हटलं, हरकत नाही विक्रमभाई, जुन्या नोटा मी पुसलेल्या नाहीत, सगळ्या उलट फिरवून देते. सुरुवात तुमच्या आजोबांपासून करू या. सुभानराव पुन्हा कारकून. करू का? कोल्हापूरची मंडळी तेही पान वाचतीलच.

विक्रमसिंहाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. एवढ्यासाठी सगळं पुस्तक कशाला खोलायचं, असं काहीसं पुटपुटला आणि बंद झाला. मग बराच वेळ चिवडाच खात होता.

आबासाहेबांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ते मुलीकडे बघत होते. ती ओळ राहील, ते म्हणाले. फक्त त्यात एक दुरुस्ती कर. परत आली हे काढ. वडिलांनी जाऊन परत आणली, असं घाल.

चार लोकांनी वाचायच्या पुस्तकात बाप म्हणतोय की मी माझ्या लेकीला जाऊन आणलं, यापेक्षा अजून काय हवं? मला वाटलं मृदुलाताई आता रडणार. पण त्यांचे हात कीबोर्डवर ठेवलेले होते तसेच राहिले.

"नाही आबा," त्या म्हणाल्या. "तुम्ही नव्हता आलात. मी फोन केला होता, तुम्ही म्हणालात सांभाळून घे. मी एकटी आले. स्टेशनवरून रिक्षा केली."

आबासाहेबांनी पेपर उचलला आणि परत ठेवला.

"शत्रू पळाला म्हणालात, लिहिलं. घोडा कामी आला म्हणालात, लिहिलं. हे मी नाही लिहिणार."

आवाज चढलेला नव्हता. एखाद्या मुलाचं गणित चुकलं तर सांगावं तसं सांगितलं त्यांनी. आणि बघा, नको तेव्हा डोक्यावरून जाणारी विमानं, त्या वेळी एक येईल तर शपथ. विक्रमसिंहाचा हात चिवड्याच्या बशीत अडकून राहिला. मी टेबलावरच्या काचेखालची कुठल्याशा लग्नाची पत्रिका वाचत बसले, तीन वेळा वाचली असेन.

शेवटी आबासाहेब म्हणाले, मग आहे तसंच राहू दे. त्यांचा आवाज एकदम म्हाताऱ्या माणसाचा झाला होता. मृदुलाताईंनी मान डोलावली. मला वाटलं संपलं, आता उठायला हरकत नाही. मी पर्स उचलली सुद्धा. तेवढ्यात आबासाहेबांनी मला विचारलं, की कांचनबाई, त्या नोटा छापल्या जात नाहीत ना? मी म्हटलं, नाही आबासाहेब, फाइलमध्ये राहतात, फाइल उघडणाऱ्यालाच दिसतात. फाइल कोण उघडतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शेवटच्या प्रुफानंतर फक्त मी आणि मृदुलाताई.

ते सोफ्याचा हात धरून उठले. टेबलापाशी आले आणि मुलीला म्हणाले, कुठे दाबायचं ते दाखव आणि बाजूला हो. तिने त्या ओळीवर कर्सर ठेवून दिला, नोट उघडून दिली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. ते खुर्चीत बसले. एका बोटाने एकेक अक्षर शोधत होते, सापडलं की दाबत होते, चुकलं की माझ्याकडे बघत होते, मी पुसून देत होते. मधे विक्रमसिंहाने काकासाहेब मी लिहून देऊ का असं विचारलं, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो फोनवर बोलायचं निमित्त करून गॅलरीत गेला. कप उचलायला आलेली मोलकरीण दारातूनच परत फिरली.

त्यांनी लिहिलं, "मी जायला हवे होते."

पुढे करावे नव्हतं, घालावे नव्हतं. त्यांनी ते एकदा वाचलं, लॅपटॉप तसाच उघडा ठेवला आणि आत जाऊन पडले. मृदुलाताई खिडकीतून बाहेरच बघत होत्या. मी येते म्हटलं, त्यांनी आवजो म्हटलं, आणि मी निघाले.

पुस्तक दसऱ्याला निघालं. शस्त्रांना झेंडूची फुलं वाहिली, आबासाहेबांनी प्रकाशन केलं. पुस्तकात शत्रू पळाला, घोडा कामी आला, सुभानराव पागेचे अधिकारी झाले. कोल्हापूरची मंडळी आली होती, त्यांनी सुभानरावांचं पान मोठ्यांदा वाचून दाखवलं आणि पाठोपाठ बासुंदी घेतली. मृदुलाच्या ओळीबद्दल कुणी काही विचारलं नाही. एवढं मोठं पुस्तक, त्यातली एक ओळ कोण वाचतंय! माझं नाव शेवटच्या पानावर आहे, अगदी बारीक, आणि त्यातही त्यांनी बेन लावलंय.

फाइल छापखान्यात जाण्याआधी मी सगळ्या नोटा पुसते, ही माझी नेहमीची पद्धत. केशरी पुसल्या, हिरव्या पुसल्या, कंसासकट. आबासाहेबांच्या पानावर आले आणि बघते तर त्यांच्या नोटेच्या खाली आणखी एक नोट होती. रंग निळा. सॉफ्टवेअरमध्ये नवीन नाव घालून लिहिलेली, वर मृदुला असं होतं, आणि खाली एकच शब्द.

"हो."

त्या दोन नोटा मी पुसल्या नाहीत. छपाईत तशाही त्या येत नाहीत.